ब्लिट्झचा विजेता कोण? नाव नको, टक्के सांगा

डिसेंबर २०२५, दोहा. बुद्धिबळाच्या जागतिक ब्लिट्झ, म्हणजे झटपट डावांच्या, स्पर्धेच्या १९ फेऱ्या संपल्या तेव्हा गुणतक्त्यावर सगळ्यात वर नाव होतं अर्जुन एरिगैसीचं. १९ पैकी १५ गुण, बरोबरीला कोणी नाही. वाटेत त्याने नॉर्वेच्या माजी जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनलाही हरवलं होतं. हरल्यावर कार्लसनने टेबलावर हात आपटला, आणि ज्यांना घोडा अडीच घरं चालतो एवढंच ठाऊक आहे त्यांच्याही फोनवर तो व्हिडिओ पोचला. त्या क्षणी कोणी विचारलं असतं की जिंकणार कोण, तर आपल्यापैकी बहुतेकांनी एका दमात अर्जुनचं नाव घेतलं असतं.

उपांत्य फेरीत अर्जुन उझबेकिस्तानच्या नोदिरबेक अब्दुसत्तोरोवकडून अर्धा विरुद्ध अडीच असा हरला. विजेतेपद कार्लसनकडे गेलं, त्याचं ब्लिट्झमधलं नववं. बरोबर एक वर्ष आधी न्यूयॉर्कला महिला गटात हेच घडलं होतं. आर. वैशाली ११ फेऱ्यांत साडेनऊ गुणांसह पहिली आली आणि उपांत्य फेरीत जू वेनजुनकडून हरली, तीही अर्धा विरुद्ध अडीच. दोघांना कांस्य मिळालं आणि दोघांच्या वाट्याला त्याच प्रतिक्रिया आल्या: दडपण झेपलं नाही, ऐन वेळी कच खाल्ली वगैरे.

दडपण असेलही. पण मनापर्यंत पोचण्याआधी साधं गणित करून पाहावं असं माझं म्हणणं आहे. कारण या स्पर्धेत पहिला येणारा खेळाडू विजेता न होणं ही नवलाची गोष्ट नाही. ते का, आणि मग विजेत्याचा अंदाज बांधायचा तरी कसा, हे पायरीपायरीने पाहू.

ब्लिट्झ म्हणजे किती घाई?

प्रत्येक खेळाडूला पूर्ण डावासाठी दहा मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ असेल, तर फिडेच्या म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या हिशेबी तो डाव ब्लिट्झ. जागतिक स्पर्धेत सुरुवातीला तीन मिनिटं मिळतात आणि प्रत्येक चालीला दोन सेकंद वाढतात. ६० चालींचा डाव धरला तर तीन मिनिटं मूळची आणि दोन मिनिटं वाढीव, म्हणजे ३०० सेकंदांत ६० चाली. चालीमागे पाच सेकंद. त्यात विचार करायचा, मोहरा उचलून ठेवायचा आणि घड्याळाचं बटणही दाबायचं.

पाच सेकंदांत काय होऊ शकतं याचा मासला २०२२ साली अल्माटीत दिसला. पहिल्या फेरीची घड्याळं सुरू झाली आणि कार्लसनची खुर्ची रिकामी. समोर व्लादिस्लाव कोवालेव, चांगला ग्रँडमास्टर, पूर्ण तीन मिनिटं हाताशी घेऊन बसलेला. कार्लसन स्कीइंगला गेला होता. तो येऊन बसला तेव्हा त्याच्या घड्याळात तीसेक सेकंद उरले होते. आता याचा अर्थ नीट बघा. चालीला दोनच सेकंद वाढतात, तेव्हा दोनाच्या वर लागलेला प्रत्येक सेकंद त्या तीस सेकंदांच्या मुद्दलातून जाणार. कुठे एकदा दहा सेकंद विचार केला की एक तृतीयांश मुद्दल संपलं. तरीही तो डाव त्याने जिंकला.

या प्रसंगातून लोक एवढंच उचलतात की कार्लसन अफाट आहे. तो आहेच. मला त्यात दुसरीही गोष्ट दिसते. अंदाज बांधणाऱ्याच्या वहीत रेटिंगचा रकाना असतो, वयाचा असतो, मागच्या निकालांचा असतो. ‘डोंगरावरून उतरायला उशीर झाला’ याचा रकाना कोणाच्याच वहीत नसतो. ब्लिट्झमध्ये असल्या बिनरकान्याच्या गोष्टी फार.

रेटिंग नेमकं काय सांगतं?

बुद्धिबळातलं रेटिंग ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते आर्पाड एलो हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. फिडेने त्यांची पद्धत १९७० साली स्वीकारली. पद्धतीचा गाभा सोपा आहे. तुमचं रेटिंग २७०० आहे की १७००, याला एका डावापुरता काहीच अर्थ नाही. समोरच्याच्या आणि तुमच्या रेटिंगमधला फरक तेवढा मोजायचा. फरक शून्य असेल तर दोघांना सरासरी अर्धा अर्धा गुण. फरक १०० असेल तर वरचढ खेळाडूला डावामागे सरासरी ०.६४ गुण. २०० असेल तर ०.७६. ४०० असेल तर ०.९१. याला ‘अपेक्षित गुण’ म्हणतात.

इथे पुष्कळ जण एक घोळ घालतात. ०.६४ म्हणजे शंभरात ६४ डाव जिंकणार असं नव्हे. बुद्धिबळात बरोबरीही होते आणि तिचा अर्धा गुण असतो. समजा शंभरात २५ डाव बरोबरीत सुटले, तर ६४ गुणांसाठी साधारण ५१-५२ विजय लागतील आणि २३-२४ डाव चक्क हरावे लागतील. म्हणजे १०० गुणांनी सरस असलेला खेळाडूही चार डावांत जवळजवळ एक हरतो. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी खबरदारी रेटिंग कोणतं बघता याची. क्लासिकल (संथ डावांचं), रॅपिड (मधल्या वेगाचं) आणि ब्लिट्झ अशी तीन वेगळी रेटिंग असतात आणि वर्तमानपत्रांत बहुधा क्लासिकलचं छापून येतं. डी. गुकेश डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून अठराव्या वर्षी जगज्जेता झाला, पण तो तासन्‌तास चालणाऱ्या डावांचा जगज्जेता. त्याचं ब्लिट्झ रेटिंग क्लासिकलपेक्षा पुष्कळ खाली आहे. उलट अमेरिकेच्या हिकारू नाकामुरासारख्याचं नाव ब्लिट्झच्या संभाव्य विजेत्यांत नेहमीच असतं. कार्लसनचं ब्लिट्झ रेटिंग डिसेंबर २०१७ मध्ये २९८६ पर्यंत गेलं होतं. ‘जगज्जेता आहे म्हणजे ब्लिट्झही जिंकेल’ असं म्हणणं मॅरेथॉनवाल्याला शंभर मीटरच्या शर्यतीत उभं करण्यासारखं आहे. फार मागे पडणार नाही कदाचित, पण पैज त्याच्यावर लावू नये.

एक डाव, एकवीस डाव

शितावरून भाताची परीक्षा करतात, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. ब्लिट्झचा एक डाव हे तसलं शीत नव्हे. एका डावात काहीही घडतं, वजीर फुकट जातो, जिंकलेल्या डावात वेळ संपते. म्हणून या स्पर्धेत भरपूर डाव खेळवतात. २०१४ ते २०२३ या काळात खुल्या गटात २१ फेऱ्या होत्या आणि त्या दोन दिवसांत उरकत.

आता एक हिशेब. आपला आघाडीचा खेळाडू प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सरासरी १५० गुणांनी वर आहे असं धरू. एलोच्या सूत्राने त्याला डावामागे ०.७० गुण मिळतात. २१ डावांचे झाले १४.७. पण नाणं वीस वेळा उडवलं तर दर वेळी दहाच छापे पडत नाहीत, कधी तेरा पडतात, कधी आठ. तसाच चढउतार इथेही असतो. पाव डाव बरोबरीत सुटतात असं धरून हा चढउतार काढला तर तो साधारण पावणेदोन गुणांचा येतो. त्याचा अर्थ असा की खेळात काहीही बिघडलेलं नसताना, फॉर्म जसाच्या तसा असताना, हाच खेळाडू तीनांतल्या दोन स्पर्धांत १३ ते साडेसोळाच्या दरम्यान कुठेही असेल. तिसऱ्या वेळी त्याच्याही बाहेर.

२०१४ ते २०२३ मधल्या नऊ स्पर्धांत (२०२० ला ती झाली नाही) जिंकायला प्रत्यक्षात किती गुण लागले? सगळ्यात कमी १५, सगळ्यात जास्त १७. म्हणजे १४.७ ही सरासरी असलेल्या खेळाडूलासुद्धा सरासरी खेळून भागत नाही, थोडं वर जावं लागतं. २०२१ साली वॉर्साला कार्लसन साडेतेरा गुणांवर थांबला आणि बारावा आला. तेव्हा त्याची सद्दी संपल्याच्या चर्चा रंगल्या. वरच्या हिशेबात साडेतेरा हा आकडा अगदी मधल्या पट्ट्यात बसतो. पुढची दोन्ही वर्षं, २०२२ आणि २०२३, तोच जिंकला.

आता पाठलाग करणाऱ्यांकडे वळू. समजा दहा खेळाडू असे आहेत की ज्यांचं रेटिंग प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सरासरी ७५ गुणांनी जास्त आहे. त्यांची अपेक्षा १२.७ गुणांची. यातल्या एखाद्या खेळाडूने साडेपंधरा किंवा जास्त गुण मिळवण्याची शक्यता दहात एकाच्या आसपास येते. दहात एक म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण असे दहा जण आहेत. दहाही जण अपयशी ठरण्याची शक्यता काढायला ०.९ ला स्वतःनेच दहा वेळा गुणायचं: उत्तर ०.३५. म्हणजे त्यांच्यातला कोणीतरी एक साडेपंधरापर्यंत पोचण्याची शक्यता ६५ टक्के! (हे लोक एकमेकांशीही खेळतात, एकाची जीत ही दुसऱ्याची हार असते, त्यामुळे खरा आकडा थोडा वेगळा निघेल. मुद्दा त्याने बदलत नाही.)

अंदाज बांधताना सगळ्यांचा पाय घसरतो तो इथे. आपण आघाडीच्या खेळाडूची तुलना एकेकाशी करतो. याच्यापेक्षा सरस आहे? आहे. त्याच्यापेक्षा? आहे. मग हाच जिंकणार. पण त्याला एकेकाला नव्हे, सगळ्या घोळक्याला मागे टाकायचं असतं. घोळक्यातल्या प्रत्येकाचा दिवस वाईट जायला हवा, आणि याचा बरा. म्हणून ‘सगळ्यांत जास्त शक्यता कोणाची’ आणि ‘त्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर सोपं असतं. दुसऱ्याचं अनेकदा ‘नाही’ असतं.

नियमपत्रक आधी वाचा

हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं आणि याकडेच सगळ्यांत कमी लक्ष जातं.

साखळी फेऱ्या स्विस पद्धतीने होतात. १८९५ साली झुरिकमधल्या स्पर्धेत पहिल्यांदा वापरली, म्हणून हे नाव. यात कोणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत सारखे गुण असलेल्यांची गाठ घालून देतात. जिंकाल तसे प्रतिस्पर्धी कठीण होत जातात, हराल तसे सोपे. म्हणून पहिल्या दिवसाअखेर कोणी गुणभराने पुढे असला तरी त्यावर फार विसंबू नये. पुढच्या पाटांवर त्याची वाट पाहणारे सगळे त्याच्याच तोडीचे असतात.

२०२३ पर्यंत स्विस संपली की स्पर्धा संपली, फार तर बरोबरी सोडवायला जादा डाव. २०२४ मध्ये न्यूयॉर्कला नियम बदलला: खुल्या गटात १३ फेऱ्या, मग पहिल्या आठांची बाद फेरी. आता तिथला हिशेब. चार डावांची लढत, दोघांत १०० गुणांचा फरक. मघाचा ०.६४ चा आकडा लावून आणि बरोबरीनंतरचे जादा डाव धरून सरस खेळाडू लढत जिंकण्याची शक्यता साधारण ७५ टक्के येते. छान वाटतं. पण त्याला अशा तीन लढती जिंकायच्या आहेत. ०.७५ गुणिले ०.७५ गुणिले ०.७५, म्हणजे ०.४२. त्याआधी आठांत यायचं आहे. त्याची शक्यता ९० टक्के धरली तर एकूण ३८. प्रत्येक टप्प्यावर वरचढ असलेला माणूस शेवटी पाचातून तीन वेळा रिकाम्या हाताने घरी जातो.

न्यूयॉर्कला काय झालं ते बघा. १३ फेऱ्यांनंतर दहा जण साडेनऊ गुणांवर बरोबरीत! जागा आठ. टायब्रेकवर म्हणजे बरोबरी फोडण्याच्या निकषांवर दोघे बाहेर, त्यातला एक नाकामुरा. त्याच्यावर भरवसा ठेवणाऱ्यांचा अंदाज चुकला तो कोणी त्याला हरवल्यामुळे नव्हे, बारीक अक्षरातल्या एका निकषामुळे. मग अंतिम लढत, कार्लसन आणि इयान नेपोम्नियाची. पहिले दोन डाव कार्लसनचे. पुढचे दोन नेपोम्नियाचीचे. तेच दोघे, तोच पट, आणि सलग चार डावांत लंबक एका टोकाकडून दुसऱ्याकडे. त्यानंतर तीन डाव बरोबरीत सुटले, आणि शेवटी दोघांना संयुक्त विजेते घोषित केलं. यावर जी टीका झाली ती झाली. अंदाजवाल्याची मात्र वेगळीच पंचाईत. ‘कार्लसन जिंकेल’ हे भाकीत आता बरोबर की चूक?

२०२५ मध्ये नियम पुन्हा बदलले. फेऱ्या १९, बाद फेरीत फक्त चौघे. लढती तीनाऐवजी दोन झाल्या, म्हणजे ०.७५ चा वर्ग, ५६ टक्के. पण दार अरुंद झालं. पहिल्या आठांत येणं आणि पहिल्या चारांत येणं यात फरक आहे. ती शक्यता ७५ टक्के धरली तर एकूण आकडा ४२ वर येऊन थांबतो.

आता अर्जुनकडे परत. १५ गुणांनी त्याला काय मिळवून दिलं? चौघांतली एक जागा. बस. साखळीतली आघाडी बाद फेरीत बरोबर नेता येत नाही, पाटी कोरी होते. तो आणि अब्दुसत्तोरोव अगदी तुल्यबळ धरले तर अर्जुन हरण्याची शक्यता ५० टक्के होती. ती जुन्या २१ फेऱ्यांच्या पद्धतीची स्पर्धा असती तर आज आपण वेगळं काहीतरी वाचत असतो. वैशालीच्या बाबतीतही तेच. त्यांच्या मनाची चिरफाड करण्याआधी नियमपत्रकाची केली असती तर बरं झालं असतं.

‘म्हणजे हा नशिबाचाच खेळ झाला!’

हा आक्षेप येणारच. याला उत्तर एका ओळीचं आहे: २०१४ ते २०२५ मध्ये ही स्पर्धा ११ वेळा झाली (२०२० मध्ये झाली नाही), आणि त्यातल्या ८ वेळा कार्लसन जिंकला, एकदा संयुक्त धरून. नशिबाचा खेळ असता तर शंभराहून अधिक जणांत एकाच माणसाचं नाव आठ वेळा निघालं नसतं.

उरलेल्या तीन वेळांचंही पाहा. २०१५ ला बर्लिनमध्ये अलेक्झांडर ग्रिशुक जिंकला. २०१६ ला दोह्यात सर्गेई कार्याकिन, पण त्याचे आणि कार्लसनचे गुण सारखेच होते, साडेसोळा, निकाल टायब्रेकवर लागला. आणि २०२१ ला वॉर्सामध्ये मॅक्सिम वाशिए-लाग्राव, तोही तिघांच्या बरोबरीनंतर जादा डावांत.

नशीब आहे, पण ते डावागणिक जास्त, स्पर्धेगणिक कमी आणि दशकागणिक अगदीच थोडं.

इथे माझीच एक अडचण झाली आहे हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. माझा वरचा कागदी हिशेब आघाडीच्या खेळाडूला ४० टक्क्यांच्या आसपास ठेवतो. इतिहास म्हणतो ११ पैकी ८, म्हणजे ७३ टक्के. मग खरं काय? माझ्या मते दोन्हींच्या मधे कुठेतरी. रेटिंगच्या हिशेबात काही गोष्टी सुटतात, अंतिम लढतीत कार्लसनसमोर बसणाऱ्याचा हात थोडा का होईना कापत असेल. दुसरीकडे, अकरा स्पर्धा हा काही मोठा नमुना नव्हे, आणि त्यातल्या नऊ जुन्या नियमांच्या. शिवाय त्याचा जन्म १९९० चा. वय घड्याळासारखंच असतं, वाढीव सेकंद मात्र मिळत नाहीत.

‘पण फॉर्मचं काय?’

थकवा खरा असतो. २१ फेऱ्यांच्या काळात पहिल्या दिवशी दहा-बारा डाव होत, आणि शेवटच्या डावाला बसलेला माणूस पहिल्या डावाचा नसतो. तब्येतही खरी असते. २०२१ मध्ये नाकामुरा कोविडची चाचणी पॉझिटिव्ह आल्यामुळे ब्लिट्झला उतरलाच नाही, आणि त्याला दिलेले सगळ्यांचे टक्के एका अहवालात वाया गेले. म्हणून अंतिम प्रवेशिकांची यादी येईपर्यंत आकडे लिहूच नयेत.

पण ‘सलग पाच जिंकला, आता तो थांबत नाही’ या प्रकाराबद्दल मी साशंक आहे. डावामागे ५८ टक्के जिंकणाऱ्याला २१ डावांत कुठे ना कुठे सलग चार-पाच विजय सहज मिळू शकतात, त्यासाठी अंगात काही संचारावं लागत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते आणि आपण कावळ्याला पैलवान ठरवतो.

‘संगणकाला विचारा की’

कोणत्या संगणकाला, हा प्रश्न आहे. स्टॉकफिशसारखं इंजिन पटावरची स्थिती तपासतं. पांढरं सरस की काळं, सर्वोत्तम चाल कोणती, हे सांगतं. माणसाच्या घड्याळात नऊ सेकंद उरलेत आणि त्याचा हात थरथरतोय हे त्याला दिसत नाही. प्रक्षेपणात इंजिनचं मत दाखवणारी बाजूची पट्टी पूर्ण पांढरी झालेली असते, म्हणजे पांढरा जिंकल्यात जमा, आणि पुढच्या मिनिटाला पांढऱ्याचीच वेळ संपते, हे ब्लिट्झ पाहणाऱ्यांना नवीन नाही.

विजेत्याच्या अंदाजासाठी संगणक वापरतात तो निराळ्या कामाला. प्रत्येक खेळाडूचं रेटिंग द्यायचं, स्पर्धेचे नियम द्यायचे आणि सांगायचं, ही स्पर्धा दहा हजार वेळा खोटी खोटी खेळून दाखव. प्रत्येक डावाचा निकाल फासे टाकावेत तसा, पण रेटिंगच्या प्रमाणात वजन दिलेल्या फाशांनी. शेवटी दहा हजारांत कोण किती वेळा जिंकला ते मोजायचं. चार हजार वेळा जिंकला तर ४० टक्के. याला माँटे कार्लो पद्धत म्हणतात, मोनाकोच्या जुगारघरांवरून. गंमत अशी की गणिती स्टॅनिस्लाव उलाम यांना ही कल्पना सुचली ती आजारपणात पत्त्यांचा पेशन्स खेळताना. हा डाव सुटण्याची शक्यता किती हे सूत्राने काढणं जड जात होतं, तेव्हा त्यांना वाटलं की शंभर डाव मांडून मोजलं तर? पुढे लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत तीच युक्ती अणूंच्या हिशेबाला लागली.

यात संगणक हुशार नसतो, फक्त चिकाटीचा असतो. तुम्ही चुकीचं रेटिंग दिलंत, म्हणजे क्लासिकलचं दिलंत, किंवा बाद फेरी आठांऐवजी चौघांची आहे हे सांगायला विसरलात, तर तो तीच चूक दहा हजार वेळा मन लावून करेल.

भाकीत चुकलं हे ठरवायचं कसं?

‘कार्लसनची शक्यता ४० टक्के’ असं मी म्हटलं आणि तो हरला, तर मी चुकलो का? नाही, कारण ६० टक्के मीच दुसऱ्या बाजूला ठेवले होते. जिंकला तर बरोबर ठरलो का? तसंही नाही. मग हा कधीच न सापडणारा ज्योतिषी झाला, असं कोणी म्हणेल, आणि एका स्पर्धेपुरतं ते खरंही आहे. टक्क्यांचा हिशेब पुष्कळ भाकितांनंतरच लागतो.

तो लावायची एक सोपी रीत हवामानवाल्यांनी काढली. अमेरिकेच्या हवामान खात्यातले ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली ती मांडली. घटना घडली तर १ धरा, नाही घडली तर ०. त्यातून तुमचं भाकीत वजा करा, उरेल त्याचा वर्ग करा. हा तुमचा दंड. दंड जितका कमी तितका अंदाज चांगला. ४० टक्के म्हणालात आणि तो जिंकला: १ वजा ०.४, वर्ग ०.३६. हरला: ०.४ चा वर्ग, ०.१६.

कार्लसनच्या ११ स्पर्धांना हे लावून पाहू, संयुक्त विजेतेपद पूर्ण धरून. दर वर्षी डोळे झाकून ‘शंभर टक्के कार्लसन’ म्हणणाऱ्या चाहत्याचा सरासरी दंड ०.२७. दर वर्षी ‘५०-५०’ म्हणणाऱ्याचा ०.२५. ‘९० टक्के’वाल्याचा ०.२३. ‘७० टक्के’वाल्याचा ०.२०. आणि माझ्यासारखा रेटिंगचा हिशेब मांडून दर वर्षी शहाणपणाने ‘४० टक्के’ म्हणणारा? ०.३१. सगळ्यांत वाईट. डोळे झाकणारा चाहताही माझ्यापुढे.

यावर ‘मग आधीच ७० म्हणायचं ना’ हा सल्ला फुकट आहे. निकाल हातात आल्यावर योग्य आकडा निवडणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. २०१४ च्या आधी बसून पुढच्या अकरांत आठ असं कोणी लिहून ठेवलं असेल तर त्याला माझा नमस्कार.

तरी दंड भरल्यावर आकडा बदलावा लागतोच. पुढच्या स्पर्धेसाठी मी वहीत असं लिहिलं आहे: नियम दोह्याचेच राहिले आणि कार्लसन उतरला, तर तो ५०. संयुक्त विजेतेपद आलं तर अर्धं धरायचं, हे आधीच ठरवून. अर्जुन, अब्दुसत्तोरोव, नेपोम्नियाची आणि नाकामुरा मिळून ३०, त्यांची आपसातली वाटणी प्रवेशिकांची यादी आल्यावर. आणि उरलेले २० त्या सगळ्यांना मिळून, ज्यांची नावं मी लिहिलेलीच नाहीत. २०२१ च्या पानावर मात्र, टक्क्यांचं हे खूळ डोक्यात शिरण्याच्या आधीचं, एकच नाव आहे, दोनदा अधोरेखित केलेलं. दंड: पूर्ण १.